करार शहराचे, तयारी घराची

जून 2024 ते जून 2025 हे वर्ष छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक इतिहासात मोठे वर्ष म्हणून नोंदले जाईल. जुन्या पिढीच्या तोंडी हे शहर अजून औरंगाबादच आहे. नाव कोणतेही घ्या, रोजीरोटीचा प्रश्न दोन्ही नावांखाली एकच आहे. या वर्षात शहराच्या पदरात काय पडले याची मोजदाद आधी करू या. मग त्यातले आमच्या मोहल्ल्यांपर्यंत किती पोहोचू शकते, याचा विचार करू या.

जून 2024 मध्ये इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या एथर एनर्जीने आपला तिसरा कारखाना बिडकीनला उभारण्याचे जाहीर केले. गुंतवणूक 2 हजार कोटी रुपयांहून अधिक, क्षमता वर्षाला 10 लाख वाहनांची आणि रोजगार सुमारे 4 हजार. जुलैच्या शेवटी राज्य सरकारच्या मंत्रिमंडळ उपसमितीने जेएसडब्ल्यू समूहाच्या विजेवरील वाहनांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. त्याची गुंतवणूक 27,200 कोटींची आणि रोजगार 5,200 सांगितले गेले. 31 जुलै 2024 रोजी टोयोटा किर्लोस्कर कंपनीने राज्य सरकारशी करार केला. 20 हजार कोटींची गुंतवणूक, वर्षाला 4 लाख इलेक्ट्रिक आणि हायब्रीड गाड्या, सुमारे 8 हजार प्रत्यक्ष नोकऱ्या. लुब्रिझोल या रसायन कंपनीनेही बिडकीनला 120 एकर जागा घेतली. 29 सप्टेंबर 2024 रोजी पंतप्रधानांनी शहराच्या दक्षिणेला 20 किलोमीटरवर असलेले 7,855 एकरांचे बिडकीन औद्योगिक क्षेत्र राष्ट्राला अर्पण केले. आणि 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला होऊन नागपूर ते मुंबईच्या वेशीपर्यंतचा 701 किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. सावंगी आणि माळीवाड्याजवळ आमच्या शहराला त्या रस्त्यावर चढता येते.

एका वर्षासाठी एवढे खूप झाले. मोठ्या शहरांच्या मानाने मागे राहिल्याची तक्रार मराठवाडा नेहमी करत आला आहे. त्या मराठवाड्याच्या मुख्य शहराबद्दल इतक्या चांगल्या बातम्या एकामागून एक याव्यात, याचा आनंद मानलाच पाहिजे. पण आम्ही शिक्षक मंडळी वर्षभर मुलांच्या आणि पालकांच्या संगतीत असतो. तिथे या बातम्यांचे दोनच पडसाद ऐकू येतात. काही पालक म्हणतात, "सर, कंपनी येतेय म्हणतात, आमच्या पोराला लावा ना कुठेतरी." बाकीचे म्हणतात, "येऊ द्या कंपन्या, आपल्याला कोण विचारतं?" पहिल्यांना वाटते की कंपनी आली म्हणजे नोकरी आली. दुसऱ्यांनी दार वाजवण्याआधीच माघार घेतली आहे. आम्हाला दोन्ही उत्तरे घाईची वाटतात.

सही आणि भोंगा यांच्या मधले दिवस

करारावर सही झाली म्हणजे कारखाना सुरू झाला, असे होत नाही. जमीन ताब्यात घ्यायची, सपाट करायची, शेड उभे करायचे, वीज आणि पाणी आणायचे, परदेशातून यंत्रे मागवायची, ती बसवून चाचणी घ्यायची. मोटारींच्या मोठ्या कारखान्याला यात काही वर्षे सहज जातात. म्हणूनच वर सांगितलेल्या हजारो नोकऱ्यांपैकी बहुतेक आज कोणालाच मिळालेल्या नाहीत. त्या अजून कागदावर आहेत. काही प्रकल्प वेळेवर होतील, काही रेंगाळतील, एखादा कदाचित होणारही नाही.

आता याच काळाकडे घरच्या नजरेने पाहा. दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी आज आयटीआयला गेली तर दोन वर्षांनी बाहेर पडेल. पॉलिटेक्निकला गेली तर तीन वर्षांनी. म्हणजे कारखान्याची इमारत उभी राहायला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच वेळ कामगार घडायला लागतो. भरतीची जाहिरात निघाल्यावर तयारी सुरू करणाऱ्याला ती भरती मिळत नाही. त्याच्या हाती येते ते ठेकेदाराकडचे हेल्परचे काम: माल चढवणे-उतरवणे, झाडलोट, पॅकिंग, आणि सहा-सात महिन्यांनी सुट्टी. या वर्षाच्या बातम्यांचा आमच्या घरांसाठी खरा अर्थ हा आहे. शहराने करार केले, आता उरलेल्या दिवसांत तयारी घरांनी करायची आहे.

या शहराने हे आधीही पाहिले आहे

1610 च्या सुमारास मलिक अंबरने खडकी गावाचे नगर वसवले तेव्हा आधी पाण्याचा विचार केला. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींमधून शहरात आणले. पुढे याच शहरात हिमरू विणणारे, कागद बनवणारे, जरीकाम करणारे कारागीर नांदले. सूत आणि रेशमाच्या त्या हिमरूचे माग आज बोटांवर मोजावे इतकेच उरले आहेत. कारागिरी कमी पडली म्हणून हे झाले नाही. बाजार आणि यंत्र बदलले, आणि पुढच्या पिढीला नवे शिक्षण वेळेवर मिळाले नाही.

विसाव्या शतकात चिकलठाण्याला औद्योगिक वसाहत आली. 1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो लहान-मोठ्या कारखान्यांची साखळी उभी राहिली. 2001 मध्ये स्कोडाने शेंद्र्याला गाड्या जोडायला सुरुवात केली. याच काळात डॉ. रफीक झकेरिया यांच्यासारख्या नेत्याने शहराच्या विकासाबरोबर शिक्षणालाही हात घातला. त्यांनी 1963 मध्ये मौलाना आझाद महाविद्यालय सुरू केले. ज्या घरांतली मुले त्या दिवसांत शिकून टर्नर, फिटर, सुपरवायझर, अकाउंटंट झाली, त्या घरांची आजची स्थिती आणि शेजारच्या घराची स्थिती यांत केवढा फरक पडला, हे जुन्या वस्त्यांतून फिरताना कोणालाही दिसेल.

याच शहराने डोळे दिपवणारी बातमीही दिली. ऑक्टोबर 2010 मध्ये इथल्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे 150 मर्सिडीज गाड्या एका झटक्यात खरेदी केल्या. किंमत 65 कोटींच्या घरात. देशभर चर्चा झाली. त्या गाड्या रस्त्यावर आल्याने किराडपुऱ्यातल्या किंवा जुन्या बाजारातल्या घराच्या चुलीत काही फरक पडला नाही. उलट बाजूही आहे. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा पसारा होता. 2018 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि तिच्यावर विसंबलेल्या कुटुंबांच्या डोक्यावरचे छत्र हलले. एका कंपनीच्या भरवशावर आयुष्य बांधू नये, हाताला हुन्नर असावा. तो एका गेटवर बंद झाला तर दुसऱ्या गेटवर चालतो. शहराच्या चाळीस वर्षांनी शिकवलेला हा धडा आहे.

गॅरेजवाल्यांनी ही बातमी दोनदा वाचावी

यंदाच्या गुंतवणुकीत एक गोष्ट सारखी आहे. जवळजवळ सगळे मोठे प्रकल्प विजेवर चालणाऱ्या किंवा हायब्रीड गाड्यांचे आहेत. आमच्या वस्त्यांत दुचाकीची गॅरेजे किती आहेत, हे सांगायला नको. बाप मिस्त्री, मोठा मुलगा मिस्त्री, धाकटा शाळा सुटल्यावर पाने हातात घेऊन बसलेला. कार्ब्युरेटर साफ करणे, प्लग बदलणे, इंजिन ऑइल टाकणे, क्लच प्लेट भरणे, यावर ही घरे चालतात. इलेक्ट्रिक स्कूटरला यातले काहीच नसते. तिला बॅटरी, मोटर, कंट्रोलर आणि वायरिंग असते, आणि बिघाड बहुतेक वेळा संगणक लावूनच कळतो.

पेट्रोलच्या गाड्या उद्याच बंद होणार नाहीत. पुढची बरीच वर्षे त्या रस्त्यावर राहतील आणि मिस्त्रीला काम राहील. पण आज चौदा-पंधरा वर्षांचा जो मुलगा गॅरेजात हात काळे करतो आहे, तो चाळिशीचा होईल तेव्हा कोणती गाडी दुरुस्तीला येईल? त्या मुलाकडे हात आहे, कान आहे, यंत्राची समज आहे. कॉलेजच्या अनेक मुलांकडे हे नसते. त्याला हवी आहे ती विजेची आणि इलेक्ट्रॉनिक्सची जोड आणि हातात एक प्रमाणपत्र. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक आणि आता काही ठिकाणी मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल असे ट्रेड आहेत. गॅरेज चालू ठेवूनही घरातल्या एका तरी मुलाला या वाटेने पाठवावे. तोच उद्या बापाच्या गॅरेजाला वाचवील.

दारे कुठे आहेत?

पालक विचारतात, नेमके जायचे कुठे? शहरात दारे कमी नाहीत. स्टेशन रोडकडे सरकारी आयटीआय आणि उस्मानपुऱ्यात सरकारी पॉलिटेक्निक आहे. चिकलठाणा एमआयडीसीत इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथे टूल अँड डाय मेकिंगसारखे अभ्यासक्रम चालतात आणि मुलगा पहिल्यापासून यंत्रावर उभा राहतो. प्लास्टिकच्या उद्योगासाठी सीपेट ही केंद्र सरकारची संस्थाही इथे आहे. दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड उत्तीर्ण झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. म्हणजे आयटीआय हा "अभ्यासात कच्च्या" मुलांचा शेवटचा थांबा आहे ही समजूत खोटी आहे. तिथून पुढे डिप्लोमा, आणि डिप्लोम्यावरून इंजिनिअरिंगची पदवी, असा जिना आहे.

दुसरे दार अप्रेंटिसशिपचे. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली 30 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. प्रमाण अडीच ते पंधरा टक्के. नोंदणी सरकारी पोर्टलवर होते, शिकताना विद्यावेतन मिळते आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. राज्य सरकारने 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आणली. तिच्यात बारावी झालेल्याला महिना 6 हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8 हजार आणि पदवीधराला 10 हजार रुपये अशी रक्कम ठरली. ही रक्कम पगार म्हणून थोडीच आहे. पण कारखान्याच्या आत काही महिने काढलेला मुलगा आणि बाहेर गेटवर उभा असलेला मुलगा यांच्यात भरतीच्या दिवशी मोठे अंतर पडते.

तिसरी गोष्ट स्थानिकांची. राज्याच्या प्रोत्साहन योजनेचा लाभ घेणाऱ्या उद्योगांनी पर्यवेक्षकीय जागांवर निम्मे आणि बाकीच्या जागांवर 80 टक्के स्थानिक लोक घ्यावेत, असे शासनाचे धोरण आहे. स्थानिक म्हणजे ज्याच्याकडे अधिवासाचा दाखला आहे तो. दाखला नसेल तर आजोबांची कबर याच शहरात असून उपयोग नाही.

कागद, कागद आणि कागद

इथे आम्हाला आमच्या शाळांतला रोजचा अनुभव सांगावा लागेल. हुशार मुले गुणांत मागे पडण्याआधी कागदांत मागे पडतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव एक, आधारवर दुसरे. एका ठिकाणी "शेख" आधी, दुसऱ्या ठिकाणी शेवटी. कुठे "मोहम्मद" पूर्ण, कुठे नुसते "मो." जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. प्रवेशाच्या वेळी संगणक हे स्वीकारत नाही, आणि मग धावपळ सुरू होते. दुरुस्ती होईपर्यंत फेरी निघून जाते.

तांबोळी, बागवान, मणियार, पिंजारी यांसारख्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र काढलेली घरे किती? जुने पुरावे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदीत असतात. ते शोधायला महिने लागतात. म्हणून हे काम दहावीच्या निकालानंतर नव्हे, मूल आठवीत असतानाच करावे. 2024-25 पासून राज्याने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी गटांतल्या, 8 लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. एवढी मोठी सवलत समोर असताना एका दाखल्यावाचून ती हातची जावी, यासारखे दुःख नाही.

उर्दू माध्यमाच्या मुलांची अडचण वेगळी असते. ती वर्गात विषय समजून घेतात, पण आयटीआयच्या पहिल्या दिवशी शिक्षक मराठीत बोलतात आणि यंत्रावर इंग्रजी लिहिलेले असते. मुलगा गप्प बसतो आणि गप्प बसलेल्याला सगळे मंद समजतात. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून अनुभवाने सांगतो की ही भिंत उंच नाही. नववी-दहावीच्या दोन वर्षांत घरात मराठी वर्तमानपत्र आले, मुलाने रोज एक बातमी मोठ्याने वाचली आणि यंत्रांची शंभर-दीडशे इंग्रजी नावे पाठ केली, तर ती ओलांडता येते. उर्दू आमच्या काळजाची भाषा आहे. मराठी ही आमच्या मातीची आणि इथल्या रोजगाराची भाषा आहे. दोघींना एका घरात राहता येते.

मुलींना विसरून हिशेब लागत नाही

गेल्या काही वर्षांत दहावी-बारावीच्या निकालात मुली मुलांच्या पुढे आहेत. आमच्या वस्त्यांतही तेच चित्र दिसते. तरीही बारावीनंतर त्यांची वाट बहुतेक एखाद्या कोर्सवर किंवा थेट लग्नावर येऊन थांबते. विजेच्या गाड्यांच्या कारखान्यात सगळीच कामे जड नसतात. वायरिंगची जुळणी, बॅटरीची तपासणी, दर्जा नियंत्रण, संगणकावर नकाशे काढणे, स्टोअरचा हिशेब, प्रयोगशाळा, मनुष्यबळ विभाग. अशी अनेक कामे आहेत. सरकारी आयटीआयमध्ये मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव असतात.

पालकांची चिंता आम्ही समजतो. बिडकीन 20 किलोमीटरवर आहे, शिफ्ट रात्रीची असेल, जाणे-येणे कसे होईल? हे प्रश्न रास्त आहेत. त्यांचे उत्तर मुलीला घरी बसवणे हे नाही. कंपनीची बस कुठून सुटते, महिलांची शिफ्ट कोणती, तक्रार समिती आहे का, हे विचारावे. चार मैत्रिणींनी मिळून एकाच ठिकाणी अर्ज करावा. हजरत खदीजा रजि. व्यापार करत होत्या हे आम्ही मुलींना धड्यात शिकवतो. मग हलाल कमाईची वाट त्यांच्यासाठीही मोकळी ठेवायला हवी.

पाण्याचे काय?

शहराच्या प्रगतीचा हिशेब मांडताना एक बाजू रिकामी सोडता येत नाही. ज्या शहरात जगभरच्या कंपन्या येत आहेत, त्या शहरातल्या नळाला रोज पाणी येत नाही. अनेक वस्त्यांत दिवसांचे अंतर पडते. पैठणचे जायकवाडी धरण जवळ असताना ही स्थिती आहे. डिसेंबर 2020 मध्ये 1,680 कोटींच्या नव्या पाणीयोजनेचे भूमिपूजन झाले. पुढे तिचा खर्च 2,740 कोटींवर गेला. अडीच मीटर व्यासाची जलवाहिनी टाकण्याचे काम चालू आहे आणि शहर वाट पाहते आहे.

हा प्रश्न रोजगाराचाही आहे. पाणी येण्याच्या दिवशी घरातली बाई आणि मोठी मुलगी कुठेही जाऊ शकत नाही. टँकरवर जाणारा पैसा फीमधून कमी होतो. मलिक अंबरने आधी पाणी आणले आणि मग शहर वाढवले. ते शहाणपण आम्ही उलटे केले आहे. कंपन्यांच्या करारांचे स्वागत करताना महानगरपालिकेच्या दारात पाण्यासाठी, वस्तीतल्या रस्त्यासाठी, बिडकीन-शेंद्र्याच्या बससाठी शांतपणे आणि सतत अर्ज देत राहणे, हेही विकासात भाग घेणेच आहे.

आणि एक सावधगिरी

मोठ्या कंपनीचे नाव गाजू लागले की दलालही जागे होतात. "अमुक कंपनीत लावून देतो, पन्नास हजार द्या," असे सांगणारे भेटतील. नोकरीसाठी पैसे मागणारा माणूस, तो ओळखीचा असो की बिरादरीतला, फसवणारच, असे समजून चालावे. चांगली कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. दागिने मोडून दलालाला देण्यापेक्षा तेच पैसे मुलाच्या फीवर आणि साधनांवर लावावेत. ज्यांच्याकडे लेथ मशीन, वेल्डिंग किंवा शिवणकामाचे छोटे युनिट आहे त्यांनी उद्यम नोंदणी करून ठेवावी. ती ऑनलाइन आणि मोफत होते. मोठ्या कारखान्याला गणवेश, पॅलेट, खुर्च्या, जेवण, सुटे भाग असे कितीतरी लागते. ते काम नोंदणी असलेल्यालाच मिळते आणि कायद्याने 45 दिवसांच्या आत पैसे मागण्याचा हक्कही त्यालाच असतो.

सध्या प्रवेशाचे दिवस आहेत. वाचकहो, या महिन्यात घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला समोर बसवा. दाखल्यांची फाइल उघडा. नाव सगळीकडे एकसारखे आहे का ते पाहा. जवळच्या आयटीआयची किंवा पॉलिटेक्निकची तारीख विचारून या. मशिदीच्या किंवा शाळेच्या एखाद्या खोलीत मोहल्ल्यातल्या चार शिकलेल्यांनी रविवारी दोन तास बसून बाकीच्यांचे फॉर्म भरून द्यावेत. बिडकीनच्या मोकळ्या जमिनीवर उद्या शेड उभे राहतील, भोंगा वाजेल आणि गेट उघडेल. त्या दिवशी आमची मुले हातात प्रमाणपत्र घेऊन रांगेत असतील, तर या वर्षाची प्रगती आमचीही प्रगती झाली असे म्हणता येईल.